पांढरा धूर, स्क्रबर आणि खाडीचे पाणी: जहाजांच्या धुराविषयी काही शंका

करंजाकाठ यांचा प्रश्न

मी उरण तालुक्यात राहतो. आमच्या गच्चीवरून न्हावा-शेवा बंदरात येणारी-जाणारी आणि बाहेर नांगर टाकून थांबलेली जहाजे स्पष्ट दिसतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत यांतील बहुतेक जहाजांच्या धुराड्यांतून तपकिरी-काळा धूर निघत असे आणि वारा आमच्या दिशेने असला, की वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक काजळी बसत असे. अलीकडे काही मोठ्या जहाजांतून दाट पांढरा धूर निघताना दिसतो, विशेषतः थंडीतल्या सकाळी, आणि थोड्या अंतरावर जाऊन तो विरून जातो. माझा भाचा सागरी अभियांत्रिकीचे प्रशिक्षण घेत आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या जहाजांवर ‘स्क्रबर’ नावाची यंत्रणा असते, ती धूर समुद्राच्या पाण्याने धुते आणि धुतलेले पाणी पुन्हा समुद्रात सोडून देते.

हे ऐकून घरात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे, की हवा स्वच्छ झाली हे चांगलेच झाले आणि समुद्र एवढा अफाट आहे, की त्याला काय होणार. दुसऱ्या बाजूला आमच्या नात्यातली मासेमारी करणारी मंडळी आहेत. त्यांची डोल जाळी खाडीच्या तोंडाशीच लागतात आणि घाण हवेतून काढून पाण्यात टाकली, याला स्वच्छता कसे म्हणावे, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. हा पांढरा धूर नेमका कशाचा असतो, धुतलेल्या पाण्यात काय असते, आणि कायद्याला हे सारे मान्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त इंजिनरूम यांचा प्रतिसाद

मी एकतीस वर्षे जहाजांवर काढली, त्यांतली शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून, आणि निवृत्तीपूर्वीच्या दोन जहाजांवर स्क्रबर माझ्याच गळ्यात होता. त्यामुळे यंत्रापुरते मी सांगतो. रसायनशास्त्र येथील जाणकारांवर सोपवतो.

आधी धुराविषयी. तुम्हाला दिसणारा दाट पांढरा लोट प्रामुख्याने पाण्याच्या वाफेचा असतो. इंजिनातून दोन-अडीचशे अंशांच्या पुढे तापून आलेला वायू एका उंच मनोऱ्यात शिरतो, तेथे त्याच्यावर पाण्याच्या फवाऱ्यांचा मारा होतो आणि तो थंड व ओलाचिंब होऊन बाहेर पडतो. थंडीतल्या सकाळी आपल्या तोंडातून जशी वाफ दिसते, तसाच हा प्रकार आहे. मात्र एक गोष्ट आवर्जून पाहा. पांढरा लोट विरल्यानंतर त्याच्या पुढे निळसर-करडी पुसट रेघ बराच वेळ आकाशात टिकून राहिली, तर ती वाफ नव्हे. ते अतिसूक्ष्म कण आणि आम्लाचे तुषार असतात, कारण फवाऱ्याचे थेंब मोठे असल्याने इतके बारीक कण त्यांच्या तावडीतून बरेचसे निसटतात. पांढरा रंग म्हणजे निर्मळपणाचा दाखला, असे म्हणूनच समजू नये.

आता हे यंत्र का आले, ते पाहू. जहाजाचे मोठे इंजिन पिढ्यान्‌पिढ्या शुद्धीकरण कारखान्यातील तळाच्या गाळावर, म्हणजे जड फर्नेस तेलावर चालत आले आहे. हे तेल खोलीच्या तापमानाला डांबरासारखे घट्ट असते. तापवून, प्युरिफायरमधून काढून मगच ते इंजिनाला देता येते. त्यात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक असणे नियमात बसत होते. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ही मर्यादा जगभर ०.५० टक्क्यावर आणली. हा नियम मार्पोल या जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टात आहे. त्याच परिशिष्टात एक पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा, ठेवलेली आहे: जहाजाने कमी गंधकाचे तेल न घेता जुनेच तेल जाळले, पण धुरातील गंधक यंत्राने तेवढ्याच प्रमाणात काढून टाकले, तर ते समतुल्य मानले जाते. या एका वाक्याच्या आधारावर आज जगात चार हजारांहून अधिक जहाजांवर स्क्रबर बसलेले आहेत.

स्क्रबरचे तीन प्रकार आहेत. ‘ओपन लूप’मध्ये समुद्राचे पाणी एका बाजूने घ्यायचे, धूर धुवायचा आणि दुसऱ्या बाजूने सोडून द्यायचे. ‘क्लोज्ड लूप’मध्ये तेच पाणी कॉस्टिक सोडा घालून पुन्हा पुन्हा फिरवतात, त्यातील गाळ वेगळा काढतात आणि फारच थोडे पाणी बाहेर जाते. तिसरा प्रकार ‘हायब्रिड’. त्यात दोन्ही सोयी असतात. बसवलेल्या यंत्रांपैकी बहुसंख्य ओपन लूप आहेत, कारण ते स्वस्त आहेत आणि कॉस्टिक सोड्याची किंवा गाळाची कटकट नाही. क्लोज्ड लूपचा गाळ समुद्रात टाकता येत नाही आणि जहाजावरील भट्टीत जाळताही येत नाही. तो बंदरावरच उतरवावा लागतो. तो घेणारी सोय बंदरात नसेल, तर टाक्या भरत जातात आणि चीफ इंजिनिअरची झोप उडते, हे अनुभवाने सांगतो.

अनुभवाचाच आणखी एक भाग. धुतलेले पाणी इतके आम्लयुक्त असते, की ते बाहेर सोडणारा लोखंडी पाइप काही महिन्यांत चाळण होऊ शकतो. माझ्या एका जहाजावर ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी झडप, आणि जहाजाचे अंग यांच्यामधला तुकडा असाच गळू लागला, आणि तो जहाजाच्या अंगालाच जोडलेला असल्यामुळे गोदीत जाईपर्यंत आम्ही सिमेंटची पेटी बांधून दिवस काढले. मनोऱ्यासाठी महागडे निकेलमिश्रित पोलाद वापरावे लागते ते उगाच नव्हे. जे पाणी पोलाद खाते ते समुद्रात गेल्यावर काय करते, हा तुमच्या नातलगांचा प्रश्न त्यामुळे मला मुळीच भाबडा वाटत नाही.

रसायनाचा मास्तर यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा पाण्याच्या बाजूने थोडे लिहितो. हिशेब टाळता येणार नाही, त्याबद्दल क्षमस्व.

साडेतीन टक्के गंधक असलेले एक टन तेल जाळले, म्हणजे ३५ किलो गंधक जळते आणि त्यातून सुमारे ७० किलो सल्फर डायऑक्साईड तयार होतो. अर्धा टक्क्याच्या तेलातून तो १० किलो निघतो. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडील बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाख भागांत १० भाग एवढेच गंधक चालते. म्हणजे जहाजांचे ‘कमी गंधकाचे’ तेलसुद्धा रस्त्यावरच्या डिझेलपेक्षा पाचशे पट गंधक बाळगून असते. हे प्रमाण लक्षात ठेवले, की २०२० च्या नियमाचे यश आणि त्याची मर्यादा दोन्ही एकदम कळतात.

स्क्रबरमध्ये हा सल्फर डायऑक्साईड पाण्यात विरघळतो, त्याचे आम्ल बनते आणि समुद्राच्या पाण्यातील बायकार्बोनेट ते आम्ल मारते. शेवटी उरते ते सल्फेट. आता समुद्राच्या एका लिटर पाण्यात मुळातच सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे जहाजाने घातलेली भर नगण्य ठरते. स्क्रबरचे समर्थक येथेच थांबतात, आणि गंधकापुरते त्यांचे म्हणणे खरेही आहे. पण धुरात एकटे गंधक नसते. जड तेलात व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू नैसर्गिकरीत्याच असतात. अर्धवट ज्वलनातून अनेक वलयांचे ‘ॲरोमॅटिक’ हायड्रोकार्बन तयार होतात, ज्यांतील काही कर्करोगकारक आहेत. शिवाय काजळी आणि पाइपांतून सुटणारे तांबे व जस्त. हे सारे त्याच पाण्यात उतरते आणि सल्फेटसारखे निरुपद्रवी होऊन जात नाही. धातू गाळात बसतात, आणि खाडीच्या गाळात काय राहते हे मासेमारी करणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही.

पाण्याचे प्रमाण पाहा. ओपन लूपमध्ये प्रत्येक मेगावॉट-तासामागे साधारण ४५ टन पाणी लागते, असे नियमावली धरून चालते. बंदरात उभ्या जहाजाला दिवे, पंप आणि थंड कंटेनर यांसाठी एक मेगावॉट वीज लागते असे कमीत कमी धरले, तरी दिवसाला हजार टनांहून अधिक धुतलेले पाणी बाहेर पडेल. भर समुद्रात ४० मेगावॉटचे इंजिन चालू असताना हाच आकडा तासाला १,८०० टन होतो. क्लोज्ड लूपमध्ये मात्र मेगावॉट-तासामागे बाहेर जाणारे पाणी अर्ध्या टनापेक्षाही कमी असते, पण ते तितकेच अधिक दाट असते.

या पाण्याला मर्यादा नाहीत असे नव्हे. आम्लता, गढूळपणा आणि हायड्रोकार्बन यांची सतत मोजणी करावी लागते. मात्र आम्लतेची अट अशी आहे, की उभ्या जहाजाच्या निकासापासून चार मीटर अंतरावर पीएच (हा आकडा जितका कमी, तितके पाणी अधिक आम्ल) किमान ६.५ असावा, म्हणजे पाइपाच्या तोंडाशी तो ३ च्या आसपास असला आणि पुढच्या चार मीटरांत समुद्राने तो सावरून घेतला, तर नियम पाळला गेला. धातूंना तर सतत मोजणीची मर्यादाच नाही. नियम ‘विरळ होणे’ या गोष्टीवर उभा आहे आणि विरळ होणे ही गोष्ट जागेवर अवलंबून असते. खुल्या समुद्रात ती चटकन होते. अरुंद खाडीत, जेथे तेच पाणी भरती-ओहोटीने आत-बाहेर हेलपाटे घालते, तेथे ती तशी होत नाही. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, त्याची आम्ल मारण्याची ताकद घटते, म्हणजे धूर धुण्याचे काम आणि आम्ल मारण्याचे काम दोन्ही एकाच वेळी कमजोर होतात. कमी खाऱ्या बाल्टिक समुद्रात हीच अडचण बारमाही असते.

युरोपातील प्रयोगशाळांत या पाण्याचा परिणाम कोपेपॉड या सूक्ष्म जीवांवर तपासला गेला आहे आणि पाणी बरेच विरळ केल्यावरही त्यांच्या पिल्लांची वाढ व जगणे बाधित झालेले आढळले. कोपेपॉड हे माशांच्या पिल्लांचे खाद्य आहे. यावरून ‘उरणचे बोंबील स्क्रबरमुळे कमी झाले’ असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्या खाडीत कारखान्यांचे पाणी, सांडपाणी, भराव आणि गाळउपसा यांचा वाटा इतका मोठा आहे, की एका कारणाकडे बोट दाखवणे शास्त्राला धरून होणार नाही.

भाडे आणि बंकर यांचा प्रतिसाद

मी जहाजभाड्याच्या व्यवसायात आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. स्क्रबर बसवायला २० ते ५० लाख डॉलर लागतात. जहाज दिवसाला ५० टन तेल जाळत असेल आणि जड तेल व कमी गंधकाचे तेल यांच्या किमतीत टनामागे १०० डॉलरचा फरक असेल, तर दिवसाला ५,००० डॉलर वाचतात आणि काही वर्षांत खर्च निघतो. २०२० च्या सुरुवातीला हा फरक ३०० डॉलरच्या घरात गेला होता, मग महामारीत तेलच स्वस्त झाले आणि तो एकदम आक्रसला. ज्यांनी कर्ज काढून स्क्रबर बसवले त्यांचे धाबे दणाणले. मालकांनी नियमात जे लिहिले होते तेच केले, त्यांना आज गुन्हेगार ठरवणे न्याय्य नाही. दुसरे असे, की तेलातले गंधक शुद्धीकरण कारखान्यात काढायलाही हायड्रोजन आणि ऊर्जा लागते, म्हणजे तेथेही धूर निघतोच. आणि जगभरातील जहाजांच्या गंधकाच्या ऑक्साईडांत २०२० च्या नियमाने सुमारे ७७ टक्के घट झाली, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना सांगते. त्यात स्क्रबरवाल्यांचाही हिस्सा आहे.

गोथेनबर्गकर यांचा प्रतिसाद

मी मूळची रत्नागिरीची, गेली नऊ वर्षे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आहे आणि बंदराच्या पर्यावरणविषयक कामाशी माझा संबंध येतो. येथे काय झाले ते सांगते, कारण मूळ प्रश्नातला ‘कायद्याला हे मान्य आहे का’ हा भाग अजून राहिला आहे.

जागतिक नियमाला ओपन लूप मान्य आहे. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात देश आपला नियम अधिक कडक करू शकतो, आणि अनेकांनी तसे केले आहे. सिंगापूर आणि फुजैरा या बंकर, म्हणजे जहाजांचे इंधन, पुरवणाऱ्या जगातल्या दोन मोठ्या बंदरांनी १ जानेवारी २०२० पासूनच आपल्या बंदराच्या पाण्यात ओपन लूपचे पाणी सोडायला मनाई केली. चीननेही किनारी पट्ट्यात तसेच केले. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी १ जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत ओपन लूप बंद केले. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये २०२९ मध्ये क्लोज्ड लूपच्या पाण्यालाही बंदी येईल. कॅलिफोर्नियाचा मार्ग वेगळा आहे: तेथे किनाऱ्याजवळ येणाऱ्या जहाजाने ०.१ टक्का गंधकाचे हलके तेलच जाळले पाहिजे, स्क्रबर हा पर्याय म्हणून मान्यच नाही.

येथे बहुधा गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट करते. बाल्टिक, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा आणि मे २०२५ पासून भूमध्य समुद्र ही ‘उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रे’ आहेत. तेथे मर्यादा ०.५ नसून ०.१ टक्का आहे. युरोपीय संघाच्या बंदरांत धक्क्याला लागलेल्या जहाजांसाठी ही ०.१ ची अट २०१० पासूनच आहे. भारताच्या किनाऱ्यावर असे क्षेत्र नाही. म्हणून न्हावा-शेव्याला उभे असलेले जहाज अर्धा टक्क्याचे तेल जाळत असेल, तर त्याने आंतरराष्ट्रीय नियम मोडलेला नाही; तेच जहाज तीन आठवड्यांनी रॉटरडॅमला पोहोचते, तेव्हा त्याला पाचपट स्वच्छ तेल जाळावे लागते. जहाज तेच, खलाशी तेच, इंजिन तेच. या फरकाचा मला व्यक्तिशः फार राग येतो.

‘भाडे आणि बंकर’ यांच्या ७७ टक्क्यांविषयी एवढेच म्हणेन, की तो आकडा गंधकाच्या ऑक्साईडांचा आहे. नायट्रोजनच्या ऑक्साईडांना स्क्रबर जवळजवळ हात लावत नाही. त्यासाठी युरियावर चालणारे वेगळे उत्प्रेरक यंत्र लागते आणि त्याची सर्वांत कडक, तिसऱ्या टप्प्याची अट केवळ नव्या जहाजांना आणि केवळ नियंत्रण क्षेत्रांतच लागू आहे. शिवाय धुऊन थंड झालेला धूर गरम धुराएवढा वर चढत नाही, त्यामुळे त्यातले उरलेले घटक जहाजाच्या जवळपासच खाली येण्याचा संभव वाढतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा होता, की कमी गंधकाचे तेल आल्यावरही जहाजांच्या धुरामुळे दर वर्षी सुमारे अडीच लाख अकाली मृत्यू होत राहतील.

खरा उपाय येथे डोळ्यांसमोर आहे. गोथेनबर्ग बंदरात २००० सालापासून काही जहाजांना धक्क्यावरून उच्च दाबाची वीज दिली जाते. जहाज आपले जनरेटर बंद करते आणि धूर व धुतलेले पाणी हे दोन्ही प्रश्न त्या वेळेपुरते मिटतात. वीज कोळशाची असेल तर धूर दुसरीकडे निघेल हे खरे, पण तो निदान उंच चिमणीतून, वस्तीपासून दूर निघेल.

करंजाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घरी हे सारे मोठ्याने वाचून दाखवले. चार मीटरच्या अटीवर आमचे मेव्हणे, जे बत्तीस वर्षे मासेमारी करतात, एवढेच म्हणाले, की ‘जाळे त्या चार मीटरांत लागले तर?’ भाच्याकडे उत्तर नव्हते.

मी बंदर प्राधिकरणाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा असे ठरवत आहे. त्यात तीन गोष्टी विचाराव्यात असे मनात आहे: बंदराच्या हद्दीत स्क्रबरचे पाणी सोडण्यास परवानगी आहे की मनाई, धक्क्याला लागलेल्या मालवाहू जहाजांपैकी कितींनी गेल्या वर्षी किनाऱ्यावरची वीज घेतली, आणि जहाजांच्या तेलाची तपासणी किती वेळा झाली. प्रश्न बरोबर आहेत का?

निवृत्त इंजिनरूम

पहिले दोन उत्तम आहेत. तिसरा चुकीच्या दारावर जाईल. जहाजाच्या तेलाचा नमुना घेणे आणि कागद तपासणे हे काम बंदर प्राधिकरणाचे नसून नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीतील सर्वेक्षकांचे असते. तो अर्ज वेगळा करा. त्यात ‘तपासणी किती वेळा’ असे मोघम न विचारता, बंकर पावत्या किती जहाजांच्या पाहिल्या आणि तेलाचे नमुने प्रत्यक्ष प्रयोगशाळेत किती पाठवले, असे दोन वेगळे आकडे मागा. पावती तीन वर्षे आणि मोहोरबंद नमुना किमान एक वर्ष जहाजावर ठेवणे बंधनकारक असते, त्यामुळे तपासायला काही नव्हते हे उत्तर चालणार नाही. पावती पाहणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि माझ्या कारकिर्दीत बहुतेक ठिकाणी पावतीच पाहिली गेली.

आणखी एक बारीक सूचना. अर्जात नुसते ‘स्क्रबर’ लिहू नका. सरकारी आणि जहाजी कागदांत त्याला ‘एक्झॉस्ट गॅस क्लीनिंग सिस्टीम’ म्हणतात आणि त्या पाण्याला आता ‘डिस्चार्ज वॉटर’ म्हणतात. हे दोन शब्द नसतील, तर ‘अशी कोणतीही नोंद या कार्यालयात उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर महिनाभराने तुमच्या हातात पडेल. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा.